मदत हवी आहे: क्लायंटचे "पाच मिनिटांचं काम" थांबवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, दीड वर्षापासून घरूनच व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करते. ईमेल, अपॉइंटमेंट, इन्व्हॉइस, एक्सेल, पडेल ते. (सासूबाईंना अजून वाटतं मी मोबाइलवर टाइमपास करते, ते सोडा.) दोन क्लायंट आहेत: पुण्याच्या एक डॉक्टर आणि शिकागोचा एक घरांचा एजंट.

अडचण शिकागोवाल्याची. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ. नेमकी भाकरी थापायची वेळ. परवा एक हात पिठात, दुसऱ्याने त्याची मीटिंग पुढे ढकलली आणि तारीखच चुकली. ती चूक माझीच. पण खरं दुखणं वेगळंच. ठरले होते महिन्याला 40 तास. "पाच मिनिटांचं आहे" म्हणत तो रोज काहीतरी सरकवतो. मागच्या महिन्यात टायमर लावला तर 53 भरले, पैसे मात्र 40 चेच.

आता तासावरच राहू, की महिन्याचं पॅकेज करून कामांची यादी लिहून घेऊ? जादा तासांचा दर आधीच्या क्लायंटला मध्येच कसा सांगता? तुटेल अशी भीती वाटते, निम्मी कमाई त्याचीच आहे.

उद्यम नोंदणी केली आहे, उलाढाल 20 लाखांच्या बरीच आत, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न नाही. कुणाकडे मराठीत किंवा इंग्रजीत साधा कराराचा नमुना असेल तर प्लीज पाठवा. पुढच्या सोमवारी त्याच्याशी बोलायचं आहे.