मदत हवी आहे: कावळा जिंकला की मुलं रडतात

नमस्कार. मी बालवाडीत शिकवते, साडेतीन ते पाच वर्षांची १४ मुलं आहेत. सापशिडी मी बंद केली. हरलेलं मूल पट उधळायचं, जिंकलेलं चिडवायचं. मग जर्मनीच्या हाबा कंपनीचा 'ऑर्चर्ड' कळला, १९८६ चा खेळ. सगळे मिळून एकाच बाजूने खेळतात. कावळा बागेत पोचायच्या आत फळं टोपलीत भरायची, नाहीतर सगळेच हरले.

त्याच्या लहानांसाठीच्या आवृत्तीवरून मी पुठ्ठ्याचा पट केला. बोरं, आंबे, पेरू, जांभळं, प्रत्येकी ४. फाशावर चार रंग, एका बाजूला टोपली (हवं ते फळ घ्या) आणि एका बाजूला कावळा. कावळ्याला ६ घरं. पाचपाच जणांना बसवते.

पाळीसाठी थांबणं दोन आठवड्यांत जमू लागलं. टोपली पडली की "कुठलं जास्त उरलंय?" असं आपापसात विचारतात, ते ऐकून फार बरं वाटतं.

पण एक पाच वर्षांची मुलगी सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळते. "बोर घे, बोर!" शेजारचा अबोल मुलगा फासा टाकतो आणि तिच्याकडे बघत बसतो, फळाला हातच लावत नाही. तिला न दुखावता कसं थांबवू?

आणि मंगळवारी कावळा शेवटच्या घरात आला, दोघींचे डोळे भरले, म्हणून मी त्याला हळूच एक घर मागे घेतलं. लगेच एक जण म्हणाला, "ताई, रडीचा डाव नाही खेळायचा!" तेव्हापासून मन खातंय. हरू द्यावं का?

प्रतिसाद: हरू द्या, पण कावळा लपून हलवू नका. डाव मांडतानाच विचारा, आज कावळ्याला किती घरं? मुलांनी सातवं जोडलं तर तो नियमच झाला. हरल्यावर लगेच दुसरा डाव नको. कसं वाटतंय, ते एकेकाला विचारा. माझ्या वर्गात एक जण म्हणाला होता, "माझ्या पोटात राग आलाय." दुसरं, फासा ज्याच्या हातात, बोलणार तोच. त्याने "सांगा" म्हटलं तरच बाकीच्यांनी सुचवायचं.

धागाकर्ती: मनापासून आभार. सातवं घर उद्याच कापते. पण तो मुलगा "सांगा" तरी कुठे म्हणणार? त्याला हाताची खूण ठरवून दिली तर चालेल का? कुणी करून पाहिलंय?