मदत हवी आहे: डिझाइनच्या शिक्षणात मन रमत नाही

रेघांची_वही
नमस्कार. मी डिझाइन शिकते आणि गेले चार महिने मला इथे अजिबात करमत नाही. वर्गातले गट पहिल्याच वर्षी ठरून गेले आणि मी त्यांपैकी एकातही नाही. मागच्या ज्यूरीत माझ्या पाच पोस्टरांसमोर उभे राहून परीक्षकांनी एवढेच विचारले, ‘हे कोणासाठी केलेस?’ मला उत्तर देता आले नाही. दोन आठवड्यांत पुढच्या प्रकल्पाचा विषय द्यायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सुचवा. ‘हळूहळू सवय होईल’ असे मात्र सांगू नका. ते घरून रोज ऐकते.

जुना_शाईवाला
कोणते शहर, कोणती शाखा, कितवे सत्र आणि पोस्टरे कशावर होती, यांतले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढ्यावरून सल्ला कसा द्यायचा?

प्रोसेसर_प्रेमी
डिझाइनसाठी लॅपटॉप घेताना निदान १६ जीबी रॅम असावी. बरीच मुले इथेच चुकतात.

दुपारचा_चहा
मीही वसतिगृहात असाच एकटा पडलो होतो. नाटकाच्या चमूत नेपथ्य रंगवायला गेलो आणि तालमीनंतरच्या चहाने मला माणसे मिळवून दिली. तुम्हीही एखाद्या मंडळात नाव द्या, विषयाचे पुढे बघता येईल.

रेघांची_वही
अहमदाबाद, कम्युनिकेशन डिझाइन, तिसरे सत्र, मूळची सांगलीची. पोस्टरे पाणी वाचवण्यावर होती. मंडळात नाव देऊन झाले आहे, तिथेही जुनेच गट आहेत. आतापर्यंत मनापासून आवडलेला स्वाध्याय एकच: पहिल्या वर्षी आलेखाच्या कागदावर तीन रात्री बसून ‘ळ’ काढला होता, त्याच्या दोन पोटांचा तोल काही केल्या साधत नव्हता.

जुना_शाईवाला
हे आधी सांगायला हवे होते! गुजराती लिपीतही ‘ळ’ आहे, पण तिला शिरोरेघ नाही. मग वरून टांगायला रेघच नसताना पाटी रंगवणारा माणूस अक्षरे एका ओळीत कशी धरतो, हे जुन्या शहरात जाऊन पाहा. सुलेखनकार र. कृ. जोशींनी आयडीसीत, म्हणजे मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागात, अक्षररचना शिकवली, पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला. त्यांच्या कामाचा अभ्यास जरूर करा, मात्र तो पाट्या पाहून आल्यावर.

दुपारचा_चहा
शाईवाले, त्यांना माणसे हवी आहेत आणि तुम्ही अक्षरे देत आहात.

जुना_शाईवाला
पाटी रंगवणारा माणूसच असतो.

लोटा_आणि_ताट
अहमदाबादचाच विषय निघाला आहे म्हणून लिहितो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने भारत सरकारसाठी लिहिलेल्या १९५८ च्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले होते आणि त्यानंतर १९६१ मध्ये तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तो लोटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घडला, कोणा एका डिझाइनरने नव्हे. आमच्या घरी आजीचा असा एक पितळी लोटा आहे, त्याचा फोटो नंतर टाकतो.

सायली_स
झोप आणि जेवण नीट होते आहे का, हे कोणीच विचारलेले नाही. होत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. प्रकल्पाआधी ते करा.

रेघांची_वही
सायलीताई, जेवण व्यवस्थित आहे, झोप थोडी कमी. क्रमांक लिहून ठेवला आहे. लॅपटॉपचा प्रश्न मी विचारलेला नव्हता.

रविवारी माणेक चौकाच्या बाजूला गेले होते. मला गुजराती जेमतेम समजते, म्हणून वर्गातल्या एका भावनगरच्या मुलीला, जिच्याशी वर्षभरात दहा वाक्येही बोलले नव्हते, सोबत येशील का असे विचारले आणि ती लगेच निघाली. एक पेंटरकाका पत्र्याच्या पाटीवर दुकानाचे नाव लिहीत होते. खडूची दोरी झटकून त्यांनी वर-खाली दोन रेघा उमटवल्या, डाव्या हातातल्या काठीवर उजवे मनगट टेकवले आणि ‘ळ’ दोन फटकाऱ्यांत संपवला. माझा आलेखाचा कागद पाहून ते म्हणाले, की अक्षर चांगले आहे, पण रस्त्यापलीकडून वाचता येणार नाही. मग त्यांनी आम्हा दोघींना रस्ता ओलांडून पलीकडे उभे केले आणि तिथून पाटी वाचायला लावली.

बुधवारी पुन्हा बोलावले आहे. आता प्रश्न असा आहे, की पत्र्यावर तेलरंगाने लिहिताना उभी रेघ खाली ओघळते, तर रंगात टर्पेंटाइन किती घालावे? शाईवाले, तुम्हाला माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगा.