संदर्भांसाठी आयडीरेफऐवजी कीरेफ वापरा
ऑब्जेक्ट डेटाबेसची ओडीएलमध्ये (ऑब्जेक्टची रचना लिहायची भाषा) लिहिलेली रचना एक्सएमएलमध्ये उतरवताना एक सूचना अशी येते की प्रत्येक ऑब्जेक्टचा ओआयडी (डेटाबेसने दिलेली ओळख) सरळ एक्सएमएलच्या आयडीत टाकावा आणि संदर्भांना आयडीरेफ (दुसऱ्या एलिमेंटच्या आयडीकडे बोट दाखवणारा प्रकार) लावावा. मला हे पटत नाही. आयडी आकड्याने सुरू होऊ शकत नाही, म्हणजे १०४२ सारख्या ओआयडीच्या आधी एखादं अक्षर चिकटवणं आलं. त्याहून वाईट म्हणजे आयडीरेफला समोरच्या ऑब्जेक्टचा प्रकार कळत नाही. प्राध्यापकाच्या जागी अभ्यासक्रमाचा आयडी आला तरी व्हॅलिडेटर (दस्तऐवज नियमांत बसतो का ते तपासणारा प्रोग्रॅम) गप्प! २००१ च्या एक्सएमएल स्कीमात (एक्सएमएलची रचना ठरवायची भाषा) की (एकमेव ओळख) आणि कीरेफ (त्या कीकडचा संदर्भ) आहेत, त्यांच्या सिलेक्टरमध्ये नेमका एलिमेंट सांगता येतो. क्लासमधला इनहेरिटन्स (एका प्रकाराने दुसऱ्याचे गुण घेणं) स्कीमातल्या एक्स्टेन्शनने छान उतरतो, फक्त बेस टाइप एकच मिळतो. ओडीएलमधलं इन्व्हर्स नातं (प्राध्यापकाकडे त्याचे अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमाकडे तोच प्राध्यापक, असं दोन्ही बाजूंनी जुळणारं) मात्र कीरेफनेही तपासता येत नाही. तिथे एकच बाजू साठवा, दुसरी क्वेरीने काढा. दोन्ही लिहिल्यात तर कधी ना कधी विसंगती येणारच.