विदा हाती येण्याआधी विश्लेषणाचा आराखडा गोठवावा का?

शून्यगृहीतक

अभ्यास आखताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. विषय, मग प्रश्नावली, मग विदा (म्हणजे डेटा) गोळा करणं, आणि सगळं झाल्यावर संख्याशास्त्रवाल्याला गाठून विचारायचं, "आता यावर कुठली टेस्ट लावू?" माझ्या मते पहिला फॉर्म भरून येण्याआधीच विश्लेषणाचा आराखडा लिहून, तारीख घालून बंद करायला हवा. ओएसएफसारख्या, आराखडे तारखेनिशी नोंदवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदवता आला तर उत्तम. नाहीतर निदान गाइडला आणि सहसंशोधकांना ईमेलने पाठवून ठेवावा.

"योग्य त्या संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या जातील" या वाक्याला मी आराखडा म्हणत नाही. आराखड्यात हे असतं: मुख्य निष्पत्ती, म्हणजे ज्यावर निकाल ठरणार ते मोजमाप (एकच!) कुठलं, ते कशाने आणि कोणत्या आठवड्यात मोजणार, कोणाचा फॉर्म बाद धरणार, अर्धवट उत्तरांचं काय करणार, चाचणी कुठली आणि एकबाजू की दोनबाजू (फरक एकाच दिशेने शोधणार की दोन्ही), कोणकोणत्या चलांसाठी समायोजन करणार (म्हणजे वय, आधीचे गुण अशा गोष्टींचा प्रभाव बाजूला काढणार), किती जणांवर थांबणार. दोन शिकवण्याच्या पद्धतींची तुलना घ्या. इफेक्ट साइज (सरासऱ्यांतला फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा) 0.5, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के, दोनबाजू 0.05 (फरक नसताना चुकून "आहे" म्हणण्याची मर्यादा) धरलं तर प्रत्येक गटात 64 लागतात. 15 टक्के गळती धरायची तर 64 भागिले 0.85, म्हणजे 76. लोक इथे 64 मध्ये 15 टक्के मिळवून 74 काढतात, ते कमी पडतात.

आधी का लिहायचं? एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या लावल्या तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना निदान एक तरी "सार्थ" (पी-मूल्य, म्हणजे फरक नसताना इतका किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, 0.05 च्या खाली) निघण्याची शक्यता 64 टक्के होते. विदा येत असताना समान अंतराने पाच वेळा डोकावून "0.05 च्या खाली गेलं की थांबू" असं केलं, तर चुकीच्या होकाराचं प्रमाण 5 वरून सुमारे 14 टक्क्यांवर जातं. हे करणारा माणूस लबाड असायची गरज नाही. त्याला फक्त घाई असते.

टिपणवही

असहमत. हा सगळा विचार प्रयोगशाळेतून आलेला आहे, आणि तो प्रत्येक संशोधनावर लादला जातोय याचा कंटाळा आलाय. गुणात्मक अभ्यासात (जिथे आकड्यांऐवजी मुलाखतींतून अर्थ शोधतात) तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीनंतर मुलाखतीची प्रश्नसूची बदललीच पाहिजे. बदलली नाही तर संशोधक ऐकत नाही, नुसता फॉर्म भरतोय एवढंच सिद्ध होतं. किती मुलाखती हेही आधी नेमकं सांगता येत नाही. 2006 सालच्या एका बऱ्याच उद्धृत होणाऱ्या अभ्यासात 60 मुलाखतींपैकी पहिल्या 12 मध्येच जवळपास सगळे कोड (उत्तरांतल्या मुद्द्यांना दिलेली नावं) येऊन गेले होते. पण तो गट एकजिनसी होता आणि प्रश्न सगळ्यांना सारखेच होते. तोच 12 चा आकडा आता लोक कुठल्याही प्रस्तावात चिकटवतात.

आणि एक साधा प्रश्न. ते 0.5 कुठून आणलंत?

त्रैराशिक

टिपणवहींचा शेवटचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

"पायलट (छोटा पूर्वअभ्यास) करा आणि त्यातून इफेक्ट साइज काढा" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. गटात 12-12 जण घेऊन पायलट केला आणि 0.5 आला, तर त्याची 95 टक्के मर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो) साधारण उणे 0.3 ते 1.3 होते. या आकड्यावर नमुना ठरवणं म्हणजे फासे टाकून ठरवणं. शिवाय ज्यांच्या पायलटमध्ये आकडा नशिबाने मोठा येतो तेच पुढे मोठा अभ्यास करतात, आणि कमी नमुन्यावर करतात.

त्याऐवजी असं विचारा: किती फरक पडला तर कोणी आपली पद्धत बदलेल? समजा 100 गुणांच्या चाचणीत प्रमाण विचलन 12 आहे आणि 4 गुणांपेक्षा कमी फरकासाठी कोणी शिक्षक हातचं सोडणार नाही. ढोबळ सूत्र: 16 गुणिले (12 भागिले 4) चा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात 144. धागाकर्त्यांच्या 64 च्या दुपटीहून जास्त. पायलटमधून हवा तर विचलनाचा तो 12 घ्या, तोही जरा वाढवून, कारण छोट्या नमुन्यात विचलन बऱ्याचदा कमी दिसतं.

आता खरी अडचण. मुलं एकेकटी वाटली नसतील, अख्खे वर्गच या किंवा त्या पद्धतीला दिले असतील, तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्गात 30 मुलं आणि आयसीसी (हे सारखेपण मोजणारा आकडा) 0.1 धरा (शालेय गुणांत याहून जास्तही सहज निघतो). डिझाइन इफेक्ट (त्यामुळे नमुना कितीपट वाढवावा लागतो तो आकडा) 1 अधिक 29 गुणिले 0.1, म्हणजे 3.9. मग 144 चे 562 होतात, एका बाजूला 19 वर्ग. आणि प्रत्येक बाजूला एकेकच वर्ग असेल तर मुलं कितीही घ्या, फरक पद्धतीचा की शिक्षकाचा हे कधीच कळणार नाही. कुठलंही सॉफ्टवेअर तिथे वाचवत नाही. तरी त्यावर टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावलेले प्रबंध दिसत राहतात.

शून्यगृहीतक

@त्रैराशिक, 64 चा आकडा मुलांचं एकेकट्याचं यादृच्छिक वाटप असतानाचा आहे. पण तुमचं गणित माझीच बाजू मजबूत करतं. वाटप वर्गाचं की मुलाचं हे विदा आल्यावर कळून उपयोग काय? 19 वर्ग नंतर कुठून आणणार?

@टिपणवही, गुणात्मक अभ्यासावर हे जसंच्या तसं लादा असं म्हणत नाही. पण "सगळं उलगडत जाईल" या नावाखाली किती जण निवडीचे निकषसुद्धा लिहीत नाहीत, तेही बघा. 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्के निकाल सार्थ होते, पुनरावृत्तीत 36 टक्केच निघाले. आधी न लिहिण्याची ही किंमत आहे.

पानगळ

त्या 36 टक्क्यांचं खापर फक्त "आधी लिहिलं नाही" यावर फोडू नका. मूळ अभ्यासांचे नमुने लहान होते आणि नियतकालिकं फक्त सार्थ निकाल छापत होती. या दोन गोष्टी आराखडा गोठवून सुटत नाहीत.

दुसरं, गोठवलेला आराखडा क्षेत्रकामात टिकत नाही. दोन उदाहरणं. एक, चाचणी सोपी निघते, निम्म्याहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी, मग सरासऱ्यांच्या तुलनेला अर्थ उरत नाही. दोन, "तुम्ही नियमित आणि वेळेवर अभ्यास करता का?" अशा दुहेरी प्रश्नावर लोक मधलाच पर्याय निवडतात आणि त्या मोजपट्टीचा अल्फा (तिच्यातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) 0.5 च्या आसपास, म्हणजे कमीच, येतो. आता काय, लिहिलंय म्हणून तीच मोजपट्टी वापरायची? नवखे विद्यार्थी तर "आराखड्यातून ढळलो" हे लपवायलाच शिकतात. म्हणजे पारदर्शकतेसाठी काढलेली गोष्ट लपवाछपवीच वाढवते.

आणि नोंदणीच्या तारखेनं सिद्ध तरी काय होतं? विदा पाहून मग नोंदवणाऱ्याला कोण अडवतं? इतकं सैल लिहिणारेही आहेत की त्यात काहीही बसावं.

कोरा रकाना

दोन्ही बाजू तत्त्वावर भांडताय आणि मधला टप्पा गाळताय. पानगळ यांनी दिलेल्या दोन्ही अडचणी गोठवण्याआधीच सापडायला हव्यात. क्रम असा असावा: 5 ते 8 जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि "याचा अर्थ काय घेतलात?" असं विचारा. दुहेरी प्रश्न इथेच पकडला जातो, त्यासाठी अल्फा काढावा लागत नाही. मग 30 एक जणांचा पायलट. चाचणी सोपी आहे का, फॉर्म भरायला किती वेळ लागतो, कुठला प्रश्न जास्त लोक सोडतात, हे त्यातून बघा. पायलटची उत्तरं मुख्य विदेत मिसळू नका. त्यानंतर गोठवा. प्रश्न बदलले असतील तर नीतिसमितीकडे दुरुस्ती पाठवायलाही याच टप्प्यात वेळ असतो.

गोठवण्याआधी आणखी एक काम, जे जवळपास कोणीच करत नाही. स्प्रेडशीटमध्ये 50 ओळी खोटी विदा भरा आणि विश्लेषण पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा, निकालाचे तक्ते रिकामे ठेवून. यात काय काय सापडतं ते ऐका. वय गटांत विचारलंय (18 ते 25, 26 ते 35) आणि विश्लेषणाला नेमकं वय लागतंय. "उत्तर नाही" साठी 99 ठेवलाय आणि तो सरासरीत मिसळतोय. एकाहून जास्त पर्याय निवडता येणारा प्रश्न एकाच खान्यात स्वल्पविरामांनी येतोय. आणि सगळ्यात महागडी चूक: आधीची आणि नंतरची चाचणी जोडायला ओळख क्रमांकच नाही, म्हणजे जोडीची तुलना करताच येत नाही. हे विदा आल्यावर लक्षात आलं तर दुरुस्ती नाही.

ढळण्याचं म्हणाल तर प्रबंधात तीन रकान्यांचा तक्ता द्या: काय ठरलं होतं, काय केलं, का. "निकाल पाहण्याआधी की नंतर" हे "का"मध्येच लिहा. यात लपवण्यासारखं काय आहे?

टिपणवही

तीन रकान्यांच्या तक्त्याला +1. आमच्याकडे, गुणात्मक संशोधनात, हेच निर्णयांची नोंदवही म्हणून असतं: कोड कधी जोडला, कधी फोडला, कोणत्या मुलाखतीमुळे. पण त्याला गोठवणं म्हणत नाहीत, इतकंच.

निकषांबद्दल शून्यगृहीतक बरोबर आहेत, फक्त खरा घोटाळा वेगळीकडे होतो. एक तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास लागतात. वेळापत्रकात ते धरलेलं नसतं, मग 20 मुलाखती उरकतात आणि उतरवणं नंतर एकदम होतं. प्रबंधात मात्र "संपृक्तता येईपर्यंत मुलाखती घेतल्या" (म्हणजे नवं काही निघेनासं होईपर्यंत) असं छापलं जातं. विश्लेषण सुरूच झालं नव्हतं तर संपृक्तता आली हे कळलं कोणाला? दर तीन मुलाखतींनंतर उतरवणं आणि कोडिंग पूर्ण करून मगच पुढची वेळ ठरवायची, हा नियम मी आधी लिहायला तयार आहे. कोड मात्र नाही.

पानगळ

कोरा रकाना यांचा क्रम पटला. शोधक विश्लेषणाला मात्र तुम्ही सगळे दुय्यम ठरवताय. विदेत आपण न विचारलेलं काही दिसलं, तर ते "परिशिष्टात टाका" एवढंच का?

त्रैराशिक

दुय्यम नाही, वेगळं. विदा पुरेशी मोठी असेल तर आधीच यादृच्छिक दोन भाग करा, एकात हवं ते शोधा, दुसऱ्यात तपासा. पण 64-64 च्या अभ्यासात हे करू नका. गटात 32 उरले की पॉवर 80 वरून सुमारे 50 टक्क्यांवर येते, आणि मग तपासणी म्हणजे नाणं उडवणंच.

प्रमाण विचलनाचा अंदाज चुकला अशी भीती असेल तर निम्मी विदा आल्यावर गट न उघडता (कोणाचे गुण कुठल्या गटातले हे न पाहता) एकूण विचलन काढून नमुना पुन्हा मोजता येतो. त्याने चुकीच्या होकाराचं प्रमाण नगण्य वाढतं. अट एकच, ही तरतूद आधी लिहिलेली हवी.

पानगळ

आणि तयार सर्वेक्षणाची विदा असेल, गाइडने ती वर्षभर आधीच चाळलेली असेल, तर?

शून्यगृहीतक

मग "पूर्वनोंदणीकृत" हा शब्द वापरायचा नाही. कोणी कुठली चलं आधी पाहिली आहेत ते लिहा, पटण्यासारखी सगळी समायोजनं लावून निकाल शेजारी शेजारी दाखवा. त्याच सर्वेक्षणाची पुढची फेरी यायची असेल तर त्या फेरीसाठी आराखडा आजच बंद करा.