२०१२ची इनोव्हा घ्यावी का?

प्रश्न: आम्ही घरात आई-बाबा धरून सात जण, सुट्टीला कोकणात जाणं असतंच. २०१२ची डिझेल इनोव्हा बघितलीये, २ लाख १० हजार किमी चाललेली, मालक म्हणतो इंजिन एकदम मक्खन. घेऊ का?

उत्तर: इंजिन दणकट आहे हो, किलोमीटरचं टेन्शन नको, पण टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा, ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो) बदलल्याचं बिल मागाच, आणि सकाळी गाडी थंड असतानाच स्टार्ट करून बघा, निळा धूर आला तर सरळ सोडा.

उत्तर: आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, १५ वर्षांची असते, म्हणजे २०२७ला संपणार. मग फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, ५ वर्षांचं रिन्यूअल. तो खर्च कापूनच किंमत बोला.

उत्तर: आधी टॅक्सी पासिंग (टॅक्सी म्हणून नोंदणी) होतं का बघा, होतं तर माझ्या मते नकोच. खालून गंजही चेक करा, दाराखालच्या पत्र्यावर अंगठा दाबून बघा.