पावसाळ्यात फिल्टर कॉफीची पूड ताजी कशी ठेवावी?

किनाराकाठ (रत्नागिरी) :

नमस्कार. आमच्याकडे रोज सकाळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) पाडून कॉफी होते. माटुंग्याच्या दुकानात समोर दळून मिळणारी, 20 टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली पूड आम्ही मुंबईहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी अर्धा किलो मागवतो आणि ती दीड महिना पुरते. उन्हाळ्यात फारशी तक्रार नसते. पण जुलै-ऑगस्टात दुसऱ्या आठवड्यापासूनच पुडीचा वास उतरू लागतो, पूड सादळून तिच्या गुठळ्या होतात आणि डिकॉक्शन नीट उतरत नाही. पूड काचेच्या बरणीत, ओट्यावरच्या फळीवर असते. काही जण ती फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, तर काही जण फ्रीजचे नावही काढू देत नाहीत. नेमके काय करावे आणि त्यामागचे कारण काय, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

गंधसार (बेंगळुरू) :

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण कॉफी बिघडवणाऱ्या चारही गोष्टी, म्हणजे हवा, ओलावा, उष्णता आणि उजेड, ओट्यावरच्या काचेच्या बरणीत एकत्र येतात. कच्च्या बियांमध्ये साधारण 10 ते 12 टक्के पाणी असते. भाजल्यावर ते जेमतेम दोन-चार टक्के उरते आणि बी सच्छिद्र होते, त्यामुळे भाजलेली कॉफी भोवतालचा ओलावा आणि वास दोन्ही भराभर ओढून घेते. दळल्यावर हवेला मिळणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. म्हणूनच अख्ख्या बिया भाजल्यापासून महिनाभर चांगल्या राहत असतील, तर पुडीचा खरा बहर आठ-पंधरा दिवसांतच ओसरतो. त्यात चिकोरी कॉफीपेक्षाही लवकर सादळते. आपल्याकडच्या गुठळ्यांचे मुख्य कारण मला तेच दिसते.

गंमत अशी की हाच पावसाळी वारा कच्च्या कॉफीला मुद्दाम दिला जातो. मंगळूरच्या किनारपट्टीवर बिया गोदामात पसरून त्यांना मोसमी वारे लागू देतात, तेव्हा त्या फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि त्यांचा आंबटपणा कमी होतो; ‘मॉन्सून्ड मलबार’ ती हीच. मात्र ते सारे भाजण्यापूर्वीचे. भाजल्यानंतर तोच वारा कॉफीचा वैरी होतो.

आता फ्रीजविषयी. फ्रीजमधला थंड डबा कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडला, की बाहेरची वाफ गार पुडीवर बसून पाणी होते, आणि रोज डबा काढला-ठेवला की रोज तेच घडते. शिवाय शेजारी लसणाची चटणी असेल, तर तो वास पुडीत उतरल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे रोजच्या वापराची पूड फ्रीजमध्ये ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा, तोही पूड गळ्यापर्यंत भरेल इतका लहान, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात उरलेली जागा हवेचीच असते. डबा शेगडीपासून दूर, बंद कपाटात ठेवावा. चमचा कोरडा असावा, आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर डबा कधीही उघडू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते. जुन्या पुडीचे तेल डब्याच्या कडांना धरून राहते आणि काही आठवड्यांनी खवट होते. नवी पूड त्यावर ओतली, की पहिल्या दिवसापासूनच तिला तो वास लागतो. प्रत्येक वेळी डबा धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच भरावा. प्लॅस्टिकचा डबा धुऊनही वास सोडत नाही, म्हणून तो टाळावा.

दादरचा चहात्यागी :

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त खरेदीविषयी लिहितो. अर्धा किलो एकदम घ्यायचीच असेल, तर दुकानदाराला कॉफी आणि चिकोरी वेगवेगळ्या पिशव्यांत द्यायला सांगावे आणि फिल्टर भरतानाच दोन्ही एकत्र करावीत. घरी दळण्याची सोय असल्यास बिया अख्ख्याच आणाव्यात आणि तीन-चार दिवसांपुरत्याच दळाव्यात. ताज्या भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो; पाकिटावरची बारीक झडप तो बाहेर सोडते आणि हवा आत येऊ देत नाही. असे पाकीट मिळाल्यास ते रिकामे करू नये, हवा दाबून काढून, तोंड गुंडाळून, पाकिटासकट डब्यात ठेवावे.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी) :

फ्रीज वाईट असला, तरी फ्रीझरला त्याच न्यायाने बाद करू नये. आम्ही वर्षातून एकदा भारतातून चिकमगळूरच्या बिया आणतो आणि त्या फ्रीझरमुळेच टिकतात. मात्र त्याची शिस्त पाळावी लागते. आठवड्याला लागेल तेवढ्याच बियांची एकेक पुडी करावी, आतली हवा काढून जाड पिशवीत घट्ट बंद करावी, आणि बाहेर काढलेली पुडी घरातल्या तापमानाला येईपर्यंत मुळीच उघडू नये. रात्री काढून ठेवली, तर सकाळपर्यंत ती तयार असते. ओल मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, आत जात नाही. एकदा काढलेली पुडी पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायची नाही.

किनाराकाठ (रत्नागिरी) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या वेळी पूड आणि चिकोरी वेगळी मागवतो आणि पाच लहान पुड्या करून चार फ्रीझरमध्ये ठेवतो. एक शंका उरली : आमच्याकडे वीज वरचेवर जाते, कधी कधी सहा-सात तास. अशा वेळी फ्रीझरमधल्या पुड्यांचे काय?

गंधसार (बेंगळुरू) :

पुड्या घट्ट बंद असतील आणि फ्रीझरचे दार उघडले नाही, तर तेवढ्या वेळाने कॉफी बिघडणार नाही, कारण ती मुळातच कोरडी आहे. धोका असतो तो वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा. म्हणून सगळ्या पुड्या एका झाकणाच्या डब्यात घालून तो डबा बर्फाच्या ट्रेपासून दूर ठेवावा. वीज दिवसभर गेलीच, तर त्या बाहेर काढून कपाटात ठेवाव्यात, पुन्हा गोठवू नयेत, आणि एकेक करून आधी त्याच संपवाव्यात. वापरातल्या पुडीची परीक्षाही सोपी आहे : फिल्टरमध्ये उकळते पाणी ओतताना ताजी पूड फसफसून वर येते, शिळी नुसती भिजून खाली बसते.