मदत हवी आहे : कोल्ट्रेनचे नेमके कोणते अल्बम ऐकवावेत?

सांजवात :
नमस्कार. येत्या रविवारी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे उत्तम अल्बम निवडून ऐकवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. जालावरच्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्यांतल्या एकीवर विसंबून लावलेला अल्बम मी दहाव्या मिनिटाला बंद केला. कृपया चार-पाच नावे सांगावीत. चरित्र नको, ते वाचून झाले आहे.

ठोकताल :
कोणता अल्बम बंद केलात, ऐकणारे कोण आहेत आणि वेळ किती आहे, हे कळल्याशिवाय काय सुचवणार? १९५७ चा 'ब्लू ट्रेन' आणि १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'इंटरस्टेलर स्पेस' यांच्यात दहाच वर्षांचे अंतर असले, तरी पहिला आवडणाऱ्याला दुसरा सोसेलच असे नाही.

जुनी तबकडी :
'असेन्शन' घेणार असाल तर जपून घ्या. त्याची दोन वादने ध्वनिमुद्रित झाली होती आणि बाजारात आलेले पहिले नंतर बदलण्यात आले, त्यामुळे खाचा संपतात तिथे 'एडिशन टू' कोरले आहे का, ते उजेडात धरून पाहावे.

सांजवात :
मला तबकडी घ्यायची नाही, फोनवरूनच ऐकवायचे आहे. मात्र मी बंद केलेला अल्बम हाच.

ठोकताल :
मग दोष तुमच्या कानांचा नाही. अकरा वादक सुमारे चाळीस मिनिटे वाजवतात. तिथे शेवटी पोहोचायचे असते. 'जायंट स्टेप्स'पासून सुरुवात करा. त्यात स्वरमेळ इतक्या वेगाने बदलतात की टॉमी फ्लॅनगनसारखा पियानोवादकही स्वतःच्या पाळीत अडखळलेला स्पष्ट ऐकू येतो.

षड्ज :
ही वादकांनी कौतुक करण्याची गोष्ट झाली, नवख्याला त्यातले काय कळणार? १९६१ चा 'माय फेवरिट थिंग्ज' लावा. शीर्षकगीतात मॅकॉय टायनर पियानोवर दोन स्वरमेळ घोळवत राहतो आणि त्यावर सोप्रानो सॅक्सोफोन फुलत जातो, तेव्हा तानपुऱ्याची आठवण येते.

ठोकताल :
तानपुरा आठवला म्हणजे राग झाला नाही.

षड्ज :
राग म्हटलेच कोणी? परंतु ज्याने रविशंकरांवरून मुलाचे नाव रवी ठेवले, त्याच्या कानावर काय पडत होते, याचा विचार करायला हरकत नसावी.

सांजवात :
भांडू नका. ऐकणारे बारा जण आहेत, सगळे शास्त्रीय संगीताचे, आणि वेळ एक तास.

षड्ज :
हे आधीच सांगायला हवे होते! 'माय फेवरिट थिंग्ज'चे शीर्षकगीत जेमतेम चौदा मिनिटांचे आहे आणि 'अ लव्ह सुप्रीम' तेहतीस मिनिटांचा. तो अखंड लावा. त्याच्या चौथ्या भागात कोल्ट्रेन स्वतःचीच प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने म्हणतो. तो मजकूर छापून प्रत्येकाच्या हाती दिलात, तर गायकी अंगाची सवय असलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उरलेल्या वेळात 'बॅलड्स'मधली दोन गीते बसतील.

ठोकताल :
'अ लव्ह सुप्रीम'बद्दल माझेही दुमत नाही. 'बॅलड्स' मात्र सुरुवातीला घ्या. त्या प्रार्थनेनंतर काहीही लावू नका.

जुनी तबकडी :
फोन कशाला जोडणार, हे कोणी विचारलेच नाही. 'अ लव्ह सुप्रीम'च्या पहिल्या भागाचा पाया म्हणजे जिमी गॅरिसनचे बास या खर्जाच्या तंतुवाद्यावरचे चार स्वर, आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ते ऐकूच येणार नाहीत.